थोरल्या बाबाच्या नंबरामागे

सोमवार, मुंबई

आमच्या घरात थोरल्या बाबाच्या दोन गोष्टी चालत आल्या आहेत. आजोबा सांगायचे ती अशी: तो होन्या केंगल्याच्या टोळीतला होता, सावकाराचे कर्जरोखे त्याने चौकात जाळले आणि इंग्रजांनी त्याला काळ्या पाण्यावर नेऊन फासावर चढवला. आजीची गोष्ट एका वाक्यात संपायची: "बायको ओली बाळंतीण असताना टाकून गेला मेला." नात्याने तो माझा खापरपणजोबा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. घरातल्या काही मोठ्या माणसांना ते छापलेलं नको आहे. शिवाय शोधात नावाचा फारसा उपयोग झालाच नाही, हे पुढे दिसेलच.

काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई इलाख्याच्या न्याय खात्याचे खंड तिथे वर्षवार लावलेले आहेत. आधी सूची बघायची, मग चिठ्ठी भरायची, मग वाट बघायची. बरोबर पुतणी होती. ती पुण्यात इतिहास शिकते आणि मोडी वाचते. माझी नजर इंग्रजी मजकुरावर आणि तिची मोडीवर, अशी वाटणी आम्ही लोकलमध्येच करून टाकली होती.

आमच्या डोंगराचा तो काळ थोडा सांगायला हवा. १८७३ च्या सुमारास जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले या महादेव कोळ्याने टोळी जमवली आणि भीमाशंकरच्या आसपासच्या सावकारांवर धाडी सुरू केल्या. काहींची नाकं कापली गेली. डोंगरातले सावकार बिऱ्हाड उचलून मोठ्या गावांत पळाले. सरकारने होन्यासाठी हजार रुपयांचं इनाम लावलं, खास पोलीस तुकडी उभी केली, तरी तो हाती लागायला १८७६ साल उजाडलं. त्याला पकडणारा मेजर डॅनियल. याच डॅनियलने तीन वर्षांनी वासुदेव बळवंतांना पकडलं. मधल्या काळात, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पुणे-नगरच्या सपाटीवरही तेच लोण गेलं. म्हणजे आजोबांच्या गोष्टीला पाया नव्हता असं नाही. त्या वर्षांत आमच्या खोऱ्यात रोखे जाळणारे होतेच.

दुपारी तीनच्या सुमारास १८७६ च्या खंडात त्याचं नाव निघालं. काळ्या पाण्यावर पाठवायच्या कैद्यांची यादी: नाव, बापाचं नाव, जात, गाव, वय, गुन्हा, शिक्षा. आडनावाला रकानाच नाही. वय अठ्ठावीस. गुन्हा दंडसंहितेच्या कलम ३९५ चा, म्हणजे दरोडा. त्या कलमात तेव्हा जन्मठेप काळं पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, असे दोन्ही रस्ते होते. पुण्याच्या सेशन्स जज्जाने पहिला निवडला. खाली हुलिया. उंची पाच फूट तीन इंच, तोंडावर देवीचे वण, डाव्या हातावर कोपराखाली जुनी जखम. पुतणी म्हणाली, "काका, नानाआजोबांची उंची तेवढीच आहे." मी काही बोललो नाही. दीडशे वर्षांत घरातल्या कुणालाच या माणसाच्या अंगावरची एकही खूण माहीत नव्हती, आणि ती मिळाली कुणाकडून, तर तो पळाला तर ओळखता यावा म्हणून लिहून ठेवणाऱ्या कारकुनाकडून.

पुढची दोन पानं वाचायला मात्र जड गेली. चोरीच्या मालाची यादी होती. चांदीचे गोटे, दोन लुगडी, पितळेचा हंडा, भात, एक बैल. कर्जरोख्यांचा उल्लेखच नाही. आणि नाक कापलं गेलं ते सावकाराचं नव्हे. सावकार त्या रात्री गावात नव्हताच. ते त्याच्याकडे पाच-सहा रुपयांवर लिहिणाऱ्या कारकुनाचं होतं. होन्याचं नावही या कागदांत कुठे नाही. आता पोलिसांनी केलेली यादी म्हणजे वेदवाक्य नव्हे. जळालेल्या कागदाची किंमत कुणी मालाच्या यादीत धरत नाही, आणि सावकारालाही फिर्यादीत रोख्यांपेक्षा हंडा दाखवणं सोयीचं असू शकतं. पण हे सगळं मी त्याच्या बाजूने म्हणणार, कारण तो माझा. त्या कारकुनाच्या पणतूने हाच कागद हातात घेतला तर त्याला काय दिसेल, हेही मला कळतं.

मंगळवार, मुंबई

आजचा खंड १८८७ चा. हा सापडला तो दिल्लीच्या कागदांमुळे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर गृह खात्याची पोर्ट ब्लेअर शाखा स्वतंत्र मांडली आहे. तिथल्या याद्यांमध्ये मला त्याचा नंबर आधीच मिळाला होता. नाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेलं. एका जागी तर त्याचा बाप मुलगा झालाय आणि तो बाप. नंबर मात्र शेवटपर्यंत एकच. गळ्यातल्या लाकडी बिल्ल्यावर असायचा तोच. त्या नंबरापुढे १८८६ मध्ये शेरा होता की याला तिकीट मिळालं.

तिकीट म्हणजे सुटका नव्हे. अंदमानात जन्मठेपेची चढण ठरलेली असे. सुरुवातीची वर्षं बरॅकीत, मोबदल्याशिवाय काम. मग थोडा भत्ता. वर्तणूक चांगली राहिली तर साधारण दहा वर्षांनी 'सेल्फ सपोर्टर'. म्हणजे बेटावरच्या एखाद्या गावात झोपडी बांधायची, सरकारने दिलेल्या तुकड्यावर पिकवायचं, गुरं पाळायची, आपलं आपण खायचं. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही आणि रिकामं बसायचं नाही. यातलं काही मोडलं तर परत बरॅकीत. या पायरीवर आलेल्याला दोन गोष्टींची मुभा होती. तिथल्याच एखाद्या बंदिवान बाईशी लग्न करायचं, किंवा गावाकडच्या बायकामुलांना बोलावून घ्यायचं.

थोरल्या बाबाने दुसरा अर्ज केला होता. तो पोर्ट ब्लेअरहून मुंबई सरकारकडे आला, तिथून पुण्याच्या कलेक्टराकडे, तिथून मामलेदाराकडे, आणि मामलेदाराने त्याच्या बायकोला बोलावून तिची जबानी घेतली. जबानी मोडीत. पुतणीने वहीत एकेक ओळ उतरवून घेतली आणि मग हळू आवाजात मला वाचून दाखवली. सरकार खर्च करून पोचवील हे मला समजलं आहे. मुलगा बारा वर्षांचा आहे. जमीन आणि हिरड्याची झाडं यांवर भाऊबंदांचा डोळा आहे, मी गेले तर ती राहणार नाहीत. म्हणून मी राजीखुशीने जाण्यास नाकबूल आहे. खाली, जिथे सही करायची तिथे: निशाणी बांगडी.

आता यातली भाषा मामलेदार कचेरीतली आहे, हे उघड आहे. आमच्या डोंगरातली कुठलीही बाई 'राजीखुशीने नाकबूल' असं बोलणार नाही. पण हिरड्याची झाडं कारकुनाला सुचली नसती. ती तिचीच.

आजी म्हणायची तो टाकून गेला. कागद म्हणतो त्याने बोलावलं आणि ही गेली नाही. आणि तरीही ही बाई मरेपर्यंत कुंकू लावत होती, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लोक तिला नावं ठेवत. नवरा फासावर गेला असं सगळं गाव म्हणत असताना ही कपाळ भरून बसायची. आम्हाला वाटायचं, वेडी आशा. तिला पक्कं माहीत होतं तो जिवंत आहे म्हणून. मामलेदारासमोर उभी राहून तिने ते ऐकलं होतं. मग तिने घरात ते कधीच का सांगितलं नाही? माझा तर्क असा की सांगितलं असतं तर मोठा झाल्यावर मुलगा बापाकडे निघाला असता. ज्या जमिनीसाठी ती राहिली ती पुढे चार पिढ्या टिकली आणि मग डिंभे धरणात गेली. जुनं आंबेगाव जिथे गेलं तिथेच.

बाहेर आल्यावर आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला. पुतणी एवढंच म्हणाली, "मी पण गेले नसते."

बुधवार, ठाणे

काळ्या पाण्याच्या कैद्यांना बोटीवर चढवण्याआधी ठाण्याच्या तुरुंगात ठेवत. हा मूळचा किल्ला. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, पुरा होण्याआधीच १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी पुढे त्याचं जेल केलं. १८१६ मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले. आजही जेल चालू असल्यामुळे बाहेरून तट बघायचा आणि परतायचं.

आमच्या लोकांना ठाणं ठाऊक आहे ते राघोजी भांगऱ्यांमुळे. २ मे १८४८ ला त्यांना इथे फाशी दिली. भिंतीला लागून उभा असताना मला राघोजींपेक्षा तीस वर्षांनंतरच्या आपल्या माणसाचाच विचार येत होता, आणि तो थोर नव्हता याचं थोडं वाईटही वाटत होतं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं खरं. ज्या समाजाच्या नशिबी पुतळे मोजकेच आले, त्याला आपल्या प्रत्येक कैद्यात राघोजी हवा असतो.

शनिवार, पोर्ट ब्लेअर

२०२४ पासून या शहराचं सरकारी नाव श्री विजयपुरम आहे. रिक्षावाले, दुकानदार आणि मी, सगळे अजून पोर्ट ब्लेअरच म्हणतो. चेन्नईहून विमान दोन तासांत पोचतं. उतरलो की विमानतळावर सावरकरांचं नाव. संध्याकाळी साडेपाचलाच अंधार पडायला लागतो, घड्याळ मुंबईचं आणि सूर्य ब्रह्मदेशाचा, त्यामुळे पहिल्या दिवशी काही बघून होत नाही. आम्ही थेट सेल्युलर जेलच्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाला गेलो.

जेल आमच्या माणसाच्या काळातलं नाही, हे मला ठाऊक होतं. बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं आणि १९०६ मध्ये संपलं. सायकलच्या चाकासारख्या सात शाखा, मध्ये मनोरा, एकेका माणसाची कोठडी. आज तीनच शाखा उभ्या आहेत. १९४१ च्या भूकंपाने तडे गेले, मग जपान्यांनी विटा काढून नेल्या, मग स्वातंत्र्यानंतर एका भागात इस्पितळ उभं राहिलं. १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं. थोरला बाबा १८९८ मध्ये सुटला तेव्हा खाडीपलीकडे ही भिंत चढत असणार.

आमच्या शेजारी महाराष्ट्रातली एक सहल बसली होती. सावरकरांची कोठडी दुपारी बघून आलेली, बायका डोळे पुसत होत्या. शेजारच्या आजींनी विचारलं, "तुम्ही कुठल्या ग्रुपबरोबर?" म्हटलं, आम्ही आपले आपणच, आमच्या खापरपणजोबांना इथे पाठवलं होतं. आजी एकदम सावरून बसल्या. "अगबाई! सावरकरांच्या बरोबर होते?"

"नाही, त्यांच्या पस्तीस वर्षं आधी. दरोड्यात."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "इंग्रज सगळ्यांनाच दरोडेखोर म्हणायचे हो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." तेवढ्यात दिवे गेले आणि अंगणातला पिंपळ बोलायला लागला.

आजींचं म्हणणं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते अडचणीचं. इंग्रजांच्या कागदात वासुदेव बळवंतही दरोडेखोरच होते. पण त्यामुळे प्रत्येक दरोडेखोर वासुदेव बळवंत होत नाही. या बेटांवर आलेल्या हजारो माणसांत राजबंदी मूठभर. १९०१ मध्ये इथे बारा हजारांच्या आसपास बंदिवान होते, आणि ते खून, दरोडा, खोटी नाणी, जाळपोळ अशा गुन्ह्यांतले. नवऱ्याला मारलेल्या बायका होत्या. तान्ह्या मुलाला मारलेल्या होत्या. रस्ते, धक्के, नारळाच्या बागा, आणि हे जेलसुद्धा, सगळं त्यांनी बांधलं. त्यांच्यासाठी पिंपळ बोलत नाही.

रविवार, रॉस आणि वायपर

सकाळच्या बोटीने रॉस. आता नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, पोहण्याचा तलाव, सगळ्याला वडाच्या जातीच्या झाडांनी मुळांत धरून ठेवलंय. पर्यटक हरणांना बिस्किटं भरवतात. १० मार्च १८५८ ला डॉक्टर वॉकर पहिले दोनशे बंदिवान घेऊन आला. त्यांनी आधी चॅथम बेटावर आणि मग इथे जंगल तोडायला घेतलं. पहिल्या काही महिन्यांत पळणारे इतके झाले की परत धरून आणलेल्यांपैकी ऐंशीहून जास्त जणांना वॉकरने फाशी दिली. पळून जाणार कुठे? काहींना वाटे की जंगल संपलं की ब्रह्मदेश लागतो.

जंगलात मूळचे लोक होते, आणि त्यांचं काय झालं ते या गोष्टीतच सांगायला हवं. बंदिवानांनी तोडलेलं प्रत्येक झाड कुणाच्या तरी शिकारीच्या रानातलं होतं. १८५९ मध्ये अबर्डीनला त्यांनी वसाहतीवर हल्ला केला. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी त्यांच्यात वर्षभर राहिला होता, त्याने आधी येऊन खबर दिली आणि हल्ला फसला. मग गोवर, उपदंश, न्यूमोनिया. ग्रेट अंदमानी म्हणून ज्यांची नोंद होते ते लोक १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले होते, १९६१ मध्ये १९. आमच्या माणसाला इथे जबरदस्तीने आणलं हे खरं. पण त्याला पुढे जो जमिनीचा तुकडा मिळाला तोही कुणाकडून तरी काढून घेतलेलाच होता. आपलं रान जाणं म्हणजे काय हे आम्हा कोळ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

दुपारी वायपर. टेकडीवर तांबड्या विटांची, घुमटाची फाशीघराची इमारत. सेल्युलर जेलच्या आधीचं जेल या बेटावर होतं. ज्याची वागणूक वाईट त्याला इथल्या साखळदंडाच्या टोळीत टाकत. साखळीला साखळी जोडून कामावर न्यायचं आणि रात्री तसंच झोपवायचं. थोरल्या बाबाच्या नोंदीत सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षा आहे: टिंडेलाशी मारामारी, सहा महिने साखळी टोळी. टिंडेल म्हणजे कैद्यांतूनच नेमलेला मुकादम. त्याच्या वर जमादार, तोही कैदीच. साहेब क्वचित दिसायचा. रोजचा मार आपल्यातल्याच माणसाकडून. सावरकरांनी ज्या पेटी ऑफिसरांबद्दल लिहून ठेवलंय ती व्यवस्था त्यांच्या कितीतरी आधीपासून तशीच चालत आलेली.

पुतणी म्हणाली, टिंडेलाला मारलं ही एकच गोष्ट तिला त्याच्याबद्दल मनापासून आवडली.

सोमवार, बांबूफ्लॅट

आजचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. तिकीट मिळाल्यावर त्याला जे गाव नेमून दिलं ते बांबूफ्लॅट. चॅथमहून फेरीबोट निघते. माणसं, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, सगळं एकत्र. चॅथमला १८८३ पासूनची सरकारी लाकूड गिरणी आहे, तिथल्या ओंडक्यांचा वास बोट सुटेपर्यंत पाठ सोडत नाही. बोटीवर मल्याळम, तमिळ, बंगाली, आणि या सगळ्यांना जोडणारी अंदमानची हिंदी, जिच्यात कर्त्याचं लिंग कुणी फारसं मनावर घेत नाही. या भागात मलबारच्या मोपल्यांची जुनी वस्ती आहे. १९२१ च्या उठावानंतर पाठवलेले कैदी आणि मागाहून आलेली त्यांची कुटुंबं.

पलीकडच्या किनाऱ्यालाच होपटाउन. ८ फेब्रुवारी १८७२ ला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो माउंट हॅरिएटवर सूर्यास्त बघून खाली उतरला आणि अंधारात धक्क्यावर शेर अली आफ्रिदी या पठाण बंदिवानाने त्याला सुऱ्याने भोसकलं. शेर अलीला महिन्याभरात वायपरवर फाशी झाली. त्या घटनेनंतर चारच वर्षांनी आमचा माणूस या खाडीत आला. त्या चार वर्षांत इथल्या साहेबाचा कैद्यावर किती विश्वास उरला असेल याची कल्पना करावी.

गावात एका लोकल-बॉर्न कुटुंबाकडे जायचं ठरलं होतं. इथे बंदिवानांच्या वंशजांना लोकल-बॉर्न म्हणतात. १९४२ मध्ये जपानी येण्याआधीपासूनचे म्हणून 'प्री-फोर्टी-टू' असाही शब्द चालतो. घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. नारळपाणी झालं, चहा झाला, मग त्यांनी आपली वंशावळ सांगितली. पणजोबा पंजाबचे, पणजी काठेवाडची, आजोबांची सासू बंगाली. दोघांतलं एक मुसलमान होतं, पण कुठलं ते आता घरात कुणी सांगत नाही. मी विचारलं, जात? ते हसले. "जात तो जहाज पर ही छूट गई, बेटा. यहाँ सबकी एक ही जात थी, कैदी."

हे ऐकायला छान वाटतं, आणि पुढारी हे भाषणात वापरतात. मी मात्र आमच्या माणसाच्या हुलियात बघितलेला जातीचा रकाना विसरू शकत नव्हतो. सरकारने जात मरेपर्यंत लिहून ठेवली. सोडली ती लोकांनी, आणि तीही बाया इतक्या कमी होत्या म्हणून. ज्याला जी बाई हो म्हणेल तिच्याशी तो लग्न करायचा.

मी आजोबांना नंबर आणि नाव दाखवलं. मुंबईकडचा, कोळी, सुटून इथेच राहिलेला. त्यांनी डोकं हलवलं. "बंबईवाले" म्हणून दोन घरं लहानपणी ऐकली होती, पण ती जपानी काळात पांगली. त्या साडेतीन वर्षांत कागद ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ होता असं ते म्हणाले. इंग्रजी अक्षर दिसलं की हेर म्हणून उचलायचे. लोकांनी आपल्या हाताने कागद चुलीत घातले.

मग त्यांनी नातवाबरोबर आम्हाला गावामागच्या उतारावर पाठवलं. जुन्या सेल्फ-सपोर्टरांचे तुकडे तिथे होते. आता सुपारी, नारळ, एका बाजूला सिमेंटची दोन घरं. वर डोंगर, खाली पाण्याचा तुकडा, भाताला जेमतेम पुरेल अशी पायऱ्यापायऱ्यांची जमीन. पुतणीने फोटो काढून लगेच नानांना पाठवला. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, वय ब्याऐंशी, भाताच्या खाचराबद्दल त्यांचा शब्द शेवटचा. अर्ध्या तासात उत्तर आलं: "हे आपल्याकडलंच वाटतंय. पण बांध कच्चे घातलेत."

१८९८ च्या सुटकेच्या यादीत त्याच्या नंबरापुढे शेवटचा शेरा आहे: मुक्त, स्वतःच्या इच्छेने वसाहतीतच राहणार. वय पन्नास. घरी यायला मोकळा होता. सरकारी बोट होती. बायको जिवंत होती, मुलगा तेवीस वर्षांचा होता. तो आला नाही. त्याने इथे दुसरं लग्न केलं होतं का, हे त्या यादीच्या रकान्यांत मावत नाही. अकरा वर्षांपूर्वीचं तिचं 'नाकबूल' त्याला मामलेदार, कलेक्टर, मुंबई, पोर्ट ब्लेअर अशा वाटेने पोचलं असणार, इंग्रजीत, एका ओळीत. हिरड्याची झाडं त्या ओळीत नसणार. मला वाटतं त्याला फक्त नकार पोचला, कारण पोचलं नाही. पुतणीला वाटतं कारण त्याला न सांगताच कळलं असेल, भाऊबंद त्याचेच होते. परतीच्या बोटीवर आम्ही यावरून चांगलेच भांडलो.

मंगळवार, पोर्ट ब्लेअर

विमान दुपारचं. सकाळी अबर्डीन बाजारातून शिंपल्यांच्या वस्तू घेतल्या, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी डोसा खाल्ला, आणि नानांना फोन लावला. गावाच्या वेशीवर थोरल्या बाबाच्या नावाचा बोर्ड लावायचं त्यांनी दोन वर्षांपासून मनात घेतलंय. 'क्रांतिवीर' असा शब्दही ठरलेला.

मी सगळं सांगितलं. हंडा, लुगडी, बैल. कारकुनाचं नाक. टिंडेल. अर्ज आणि जबानी. सुटका. नाना मध्ये एकदाही बोलले नाहीत, त्यामुळे रेंज गेली की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हणालो.

"म्हंजी फाशी न्हाई," ते शेवटी म्हणाले.

"नाही नाना. म्हातारा होऊन मेला असणार, तिथेच."

"आन् म्हातारीनं न्हाई म्हणून सांगितलं, ह्ये कागदावर हाय?"

"बांगडीची निशाणी आहे. आणतोय उतरवून."

पुन्हा थोडा वेळ गेला. मग आवाज बदलला, व्यवहाराचा झाला. तिथली ती जमीन किती होती? मी म्हटलं, यादीत पाच बिघे दिसतात. त्याचा काही उतारा, सातबारा? म्हटलं, नाना, ती मालकीची नव्हती, तिकिटावर होती. सरकार देणार, सरकार काढून घेणार.

"म्हंजी हितली धरणात, आन् तितली तिकिटावर," नाना म्हणाले. "बरं, बोर्डावर काय लिवायचं त्ये तू आल्यावर बघू. पर त्ये नाकाचं नको लिवू."

मी म्हटलं, क्रांतिवीर लिहिणार असाल तर नाकाचंही लिहावं लागेल. त्यावर त्यांनी फोन पुतणीकडे द्यायला सांगितलं.